अंगठ्याखालचा आकडा

७ जानेवारी

ताई,

नमस्कार. फोनवर तू "बरं आहे" यापलीकडे काही सांगत नाहीस, आणि पलीकडच्या खाटेवर खोलीतला वेल्डर रात्रपाळी करून झोपलेला असताना मलाही मोकळेपणाने बोलता येत नाही. म्हणून ठरवलंय की पूर्वीसारखं कागदावर लिहायचं आणि त्याचा फोटो काढून पाठवायचा. तूही तसंच कर. निदान तुझं अक्षर तरी दिसेल.

एक गोष्ट मला टोचते आहे. तुला हसू येईल, पण ऐक. दर महिन्याला मी इकडचे पाचशे पाठवतो. बाजारभावाने त्याचे तिकडे एकेचाळीस हजार दोनशे रुपये व्हायला हवेत. तुला मिळतात त्यापेक्षा हजाराने कमी. पगाराच्या बँकेचं जे ॲप मी वापरतो (त्याचं चित्र पिवळं आहे, म्हणून आम्ही त्याला पिवळंच म्हणतो) ते पाठवण्याचे नऊ कापतं आणि दरातही थोडं खातं. नऊ म्हणजे माझं आठवड्याचं बसभाडं. ते भरून काढायला गेले तीन आठवडे मी छापखान्यात चालत जातो. पाऊण तास लागतो. थंडीत गुडघा कुरकुरतो, पण महिन्याचे नऊ सुटून वर थोडे उरतात.

आणखी दोन ॲपं आहेत. हिरव्याचं शुल्क साडेचार. निळ्याचं शून्य. मात्र निळं आधी दर सांगत नाही. पैसे पोहोचतील त्या वेळचा दर लागेल, एवढंच लिहितं. म्हणजे खरा आकडा फक्त तुझ्या पासबुकात दिसणार. पुढचे तीन महिने मी एकेक ॲप वापरून बघतो. तू फक्त जमा झालेला आकडा कळव आणि पासबुकाच्या पानाचा फोटो पाठव. तुला माहीत आहे, मी दिवसभर औषधांच्या खोक्यांवरचे आकडे तपासतो. पाचच्या जागी पन्नास छापलं गेलं तर कुणाच्या तरी पोटात जातं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, ही सवय लागली आहे.

अण्णांचा उजवा हात कसा आहे? व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीनदा येतात ना? त्यात काटछाट करू नकोस.

तुझा,
बारकू

८ फेब्रुवारी

बारकू,

निळ्याचे पैसे आले. पूर्ण एकेचाळीस हजार दोनशे. पासबुकाचा फोटो जोडला आहे. आता उद्यापासून बसने जायचं. बापाचा हात आणि लेकाचा गुडघा, दोघांचा व्यायाम करून घ्यायला माझ्याकडे वेळ नाही.

बाई तीनदा येतात. अण्णांना त्या माझ्याच डब्यातली बटणं निवडायला देतात, मोठी एका वाटीत, छोटी दुसऱ्या वाटीत. अण्णा म्हणतात, पस्तीस वर्षं कचेरीत काढली आणि म्हातारपणी शिंपिणीच्या हाताखाली उमेदवारी आली. बोलणं अजून जड आहे, पण टोमणा स्पष्ट येतो. बटण काजात घालायला अजून जमत नाही.

शाळांच्या गणवेशांचं काम आत्तापासूनच घेते आहे. मशीनला मोटर बसवायची म्हणून थोडे बाजूला टाकते.

ताई

१२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बसने घरी आलो, खिडकीशी बसून.

पण एकदा आलेला आकडा योगायोग असू शकतो. म्हणून या महिन्यातही निळंच वापरलं. परवा फोनवर तू सांगितलंस, "पूर्ण आले." दोनदा तोच निकाल. हिरवं वापरून बघायची गरजच उरली नाही, पूर्णापेक्षा जास्त कुणी काय देणार?

तरी एक प्रश्न मी रोजनिशीत दोनदा लिहून दोनदा खोडला आहे. शुल्क शून्य आणि दरही पूर्ण, तर ही कंपनी खाते काय? छापखान्यात एकाला विचारलं, तो म्हणाला जाहिरातीवर खर्च करत असतील. पटलं नाही. पण तुझ्या आकड्यापुढे माझ्या शंकेला काय किंमत, असं म्हणून गप्प बसलो.

मी तक्ता केला आहे. तीन रंगांचे तीन रकाने. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चिकटवला. या घरात आम्ही नऊ जण राहतो, सगळेच घरी पैसे पाठवणारे. पहिल्या दिवशी हसले, आता वरच्या मजल्यावरची नर्ससुद्धा निळ्यावर आली आहे. वेल्डरने तर तक्त्याचा फोटो काढून ठेवला. त्याची बायको तुझ्याच गल्लीच्या टोकाला राहते, तुला माहीत आहे. त्यांच्या मुलीला एक्स-रे तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळणार आहे, जूनमध्ये मोठी रक्कम भरायची आहे. तो मला म्हणाला, मास्तर, तुमचा तक्ता पक्का ना? मी म्हटलं, आकडा माझ्या बहिणीचा आहे. ती कापडावर खडूने एकदा रेघ मारते, दुसऱ्यांदा मारावी लागत नाही.

एकच तक्रार. फोटोत तुझा अंगठा नेमका आकड्यावर येतो. पुढच्या वेळी जरा बाजूला धर.

बारकू

२५ एप्रिल

बारकू,

पत्राला उशीर झाला. गणवेशांचा ढीग पडला आहे. पैसे आले.

तुझा तक्ता इतरांनी कशाला बघायचा? ज्याचे पैसे त्याने बघावं. प्रत्येकाची बँक वेगळी, प्रत्येकाचं नशीब वेगळं. तो कागद काढून टाक फ्रिजवरून, उगाच लोक तुझ्या नावाने ओरडतील.

बाई नियमित येतात. अण्णांनी काल चमचा उजव्या हाताने धरला. सांडलं सगळं, पण धरला.

फोटो जोडते आहे. अंगठ्याचं मला जमत नाही बाबा, पासबुक निसटतं.

ताई

३ मे

ताई,

तक्ता काढून टाक म्हणतेस, हा तुझा जुनाच स्वभाव. शाळेच्या स्नेहसंमेलनातले सगळे पोशाख तू शिवलेस आणि नाव घ्यायला लागले तेव्हा पडद्यामागे जाऊन बसलीस. तुला तुझं कौतुक झेपत नाही. पण इथे नऊ घरांचं भलं होतंय, त्यामुळे तक्ता राहील. खाली मी बारीक अक्षरात लिहिलं आहे, "आकडे ताईकडून तपासलेले."

अण्णांच्या चमच्याबद्दल वेल्डरला सांगितलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

बारकू

१९ जून

बारकू,

हे पत्र बसून वाच.

परवा दुपारी वेल्डरची बायको दुकानात आली. तिच्या मुलीचा पांढरा कोट मी कापून ठेवला होता, फक्त शिवायचा होता. म्हणाली, कोट नको, कापड तसंच द्या. मी विचारलं, का? तर जागा जाणार. फी भरायचा तो शेवटचा दिवस, चार वाजता खिडकी बंद होणार, आणि नवऱ्याने पाठवलेल्या पैशांत बेचाळीसशे कमी. त्याने तुझ्या तक्त्यावरून हिशेब करून बरोबर तेवढेच पाठवले होते, इकडचे पंधराशे. पोहोचायला हवे होते एक लाख तेवीस हजार सहाशे.

पुढे ती जे म्हणाली ते मला अजून ऐकू येतं आहे. "ताई, ह्यांना कळवू नका. तुमच्या भावाच्या तक्त्यावर ह्यांचा फार विश्वास आहे. माझ्याच बँकेने काहीतरी कापलं असेल."

तिच्या बँकेने काही कापलेलं नाही. निळ्याचे पैसे कधीच पूर्ण आलेले नाहीत. फेब्रुवारीपासून एकदाही नाही. दर वेळी चौदाशेच्या आसपास कमी. मी तुझ्याशी खोटं बोलले.

तू रोज थंडीत चालत होतास. पूर्ण आले म्हटलं की तू बसमध्ये बसशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चौदाशे म्हणजे माझे चार गणवेश. मी तेवढे जास्त शिवले, बाईंची एकही फेरी चुकवली नाही, आणि म्हटलं, विषय संपला. पुढच्या महिन्यात खरं सांगू म्हटलं तर तुझा तक्ता फ्रिजवर लागलेला. आणि पहिल्या फोटोपासूनचा तो अंगठा. तो मी ठेवत होते, बारकू. पासबुक निसटत नाही माझ्या हातातून.

आणि खरं म्हणजे हे मला पहिल्याच महिन्यात ओळखायला हवं होतं. तुला आठवतं, आपल्या दुकानासमोर एकाने कापडाचं दुकान काढलं होतं, कापड इथे घ्या आणि शिलाई फुकट? महिनाभर माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. मग एका बाईने त्याच्याकडचं कापड माझ्याकडे आणलं. मी टेपने मोजलं तर दर मीटरला तीन बोटं कमी. त्याची गजपट्टीच आखूड होती. शिलाई तो त्यातून घेत होता. निळ्याचंही तेच आहे. शुल्क शून्य म्हणतात आणि दरात माप मारतात. तुझी शंका बरोबर होती. मी माझ्या आकड्याने ती दाबली.

मोटरसाठी ठेवलेले मी काढले आणि तिला घेऊन गेले. रिक्षा मिळेना, अर्धा रस्ता चालत. तीन चाळीसला खिडकीशी पोहोचलो. पावती मिळाली. मुलगी बाकड्यावर बसून होती, तिने आईच्या हातातली पावती घेतली आणि तीनदा वाचली. कोट काल शिवला.

माझा आकडा मी तुला दिला, आणि तो नऊ घरांत गेला. आता तू त्या सगळ्यांना सांगायचं आहेस. माझं नाव घेऊन सांग. लपवू नकोस.

ताई

२४ जून

ताई,

पत्र तीन दिवस खिशात होतं. पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी तो कोणावर आहे ते कळेना. छापखान्यात टिंब पुसट छापलं गेलं तरी मी अख्खी खेप परत पाठवतो. आणि ज्या हाताची टीप मी कधी वाकडी गेलेली पाहिली नाही, त्या हाताचा अंगठा पाच महिने नेमका आकड्यावर पडतो, तर मला काय वाटलं? ताईला फोटो काढता येत नाही. मला न पाहताच सही करायची होती, ताई. आकडा मला हवा तसा होता. तू खोटं सांगितलंस हे खरं, पण तपासनीस मी होतो.

रविवारी सगळे जेवायला जमल्यावर तक्ता फ्रिजवरून काढला आणि टेबलावर ठेवला. छापखान्यात चुकीच्या पानावर करतो तशी लाल रेघ मारली, तारीख घातली, सही केली. मग तुझं पत्र वाचून दाखवलं, कोटापर्यंत सगळं. तू नाव घेऊन सांग म्हणालीस म्हणून.

मला वाटलं होतं ओरडतील. पण नर्सने फोन उचलला आणि तिथेच आईला लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. विचारलं, आई, मार्चपासून पैसे कमी येतायत का? मग म्हातारी म्हणाली, "थोडे कमी येतात गं, पण भागतं."

त्यानंतर एकेकाने फोन लावले. ड्रायव्हरच्या भावाने तेच सांगितलं. सुताराच्या वडिलांनी तेच. आठ फोन झाले ताई, आणि आठही घरांतून तोच शब्द आला, भागतं. कोणी दुधाचा रतीब अर्धा केला होता, कोणी चष्मा पुढे ढकलला होता. इकडे एकानेही ऐकलं नव्हतं. मी नऊ घरांत विचारलं असतं तरी माझा तक्ता चुकलाच असता, कारण कमी आले असं घरचं कोणी सांगतच नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या रकान्यांत कुठे बसत नव्हती.

वेल्डर शेवटी बोलला. तो बराच वेळ तक्त्यावरच्या बारीक अक्षरांकडे बघत होता, "आकडे ताईकडून तपासलेले." म्हणाला, "मास्तर, तुमच्या ताईंचं खोटं फार महागात पडलं. पण मुलगी वर्गात बसली, तीही त्यांच्यामुळेच. ती ओळ खोडू नका."

मी खोडलेली नाही.

बेचाळीसशे तो परत करणारच, त्याने शपथ घातली आहे. आता खरा तक्ता करायचा आहे, आणि तो कसा करायचा हे मला तूच सांग. मी नुसता आकडे वाचणारा माणूस आहे. माप तुला कळतं.

बारकू

११ जुलै

बारकू,

फोनवर तू सुचवलंस तसं नाही, माझ्या पद्धतीने केलं.

पहिली गोष्ट, वेगवेगळ्या महिन्यांचे आकडे शेजारी मांडायचे नाहीत. एक ठाण जानेवारीतलं, दुसरं मार्चमधलं, मग रंग जुळत नाही म्हणून रडायचं. म्हणून तुम्हा तिघांना एकाच दिवशी, एकाच तासात पाठवायला लावलं. तू हिरव्याने, वेल्डर निळ्याने, नर्स पिवळ्याने. दुसरी गोष्ट, शंभर पाठवून बघू म्हणालास ते मी ऐकलं नाही. छोट्या तुकड्यावर घेतलेलं माप मोठ्या कपड्याला लागत नाही, ठरावीक शुल्क शंभरावर भारी पडतं आणि पाचशेवर हलकं. महिन्याला घरी पाठवता ते पाचशेच तिघांनी पाठवायचे.

वेल्डरची बायको, मी आणि नर्सची आई, तिघी एकदमच निघालो आणि तिन्ही बँकांत जाऊन पासबुकं छापून घेतली. नर्सची आई दोन बस बदलून आली होती. माझ्या बँकेतल्या कारकुनाने विचारलं, तुम्ही तपासणीला आलात का? नर्सची आई म्हणाली, हो, पण तुमच्या नाही, आमच्या मुलांच्या.

पाचशेचे आले ते असे. निळं, एकोणचाळीस हजार आठशे. पिवळं, चाळीस हजार दोनशे बारा. हिरवं, चाळीस हजार सहाशे ऐंशी. फुकट म्हणणारा सगळ्यांत महाग निघाला. पण हा आकडा त्या दिवसापुरता. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, कापड धुतल्यावर मोजतात तसं. आम्ही तिघींनी तारीख ठरवून टाकली आहे. वेल्डरची बायको बाकीच्या सहा घरांना फोन करणार आहे. तिने सगळ्यांना एकच सांगायचं ठरवलंय, भागतं म्हणायचं नाही, आकडा सांगायचा.

फोटो बघ. पासबुक अण्णांनी धरलं आहे. उजव्या हाताने, कडेला. त्या कोटाची बटणंही त्यांनीच लावून बघितली, सहाच्या सहा. वीस मिनिटं लागली. बाई बघत उभ्या होत्या, कोणी मदत केली नाही.

खरं खरं सांग, बसने जातोस ना?

ताई

१५ जुलै

ताई,

फोटो मोठा करून पाहिला. आकडा आधी पाहिला नाही, अण्णांची बोटं पाहिली.

नवा तक्ता फ्रिजवर लागला आहे. वरती तारीख, खाली पुढच्या मोजणीची तारीख, आणि तीन नावं, म्हणजे नावं नाहीत, "ताई, वेल्डरची बायको, नर्सची आई." घरात आता मला कोणी मास्तर म्हणत नाही. काल नर्स तक्त्यासमोर उभी राहून घरी आलेल्या छापखान्यातल्या एका मुलीला सांगत होती, हे ताईंच्या पद्धतीने केलेलं आहे. जणू ती पद्धत पुस्तकात छापलेली आहे. मी मागे उभा राहून ऐकत होतो. इतकी वर्षं वाटत होतं की कॉलेजात मी गेलो, तू मशीनवर बसलीस, म्हणून मोजणं माझं काम आणि शिवणं तुझं. तू शिवून माझी फी भरलीस म्हणून मी ते शिकलो हे तर रोजनिशीत कधी लिहिलंच नव्हतं. आता लिहिलं.

हिरव्याने महिन्याला आठशेऐंशी वाचतात. ते तुझ्या मोटरसाठी. नाही म्हणू नकोस, आणि भागतं तर मुळीच म्हणू नकोस.

बसने जातो. विश्वास बसणार नाही म्हणून पासाचा फोटो जोडला आहे.

बारकू

१६ जुलै

बारकू,

पासाचा फोटो मिळाला. तारखेवरचा अंगठा काढ आणि परत पाठव.

ताई